जस्ती बादलीतली आंबील

साटोण्यांच्या धाकट्या सुनेच्या, शोभाबाईंच्या, दुसऱ्या मुलाचं जावळ निघालं ते साल १९७४. त्या जावळाच्या पंगतीतून आचवायला उठता उठता वासुदेवराव साटोणे म्हणाले, "औंदा नगराध्यक्षाले उभा राहून राह्यलो मी." पंगत खूश झाली. मुलाचा बाप, धाकटा भाऊ सदाशिवराव, भरलं पान टाकून उठला आणि भावाच्या पाया पडला. वासुदेवरावांची बायको विमलाबाई तेव्हा वरण वाढत होत्या. नवऱ्यानं ही गोष्ट आधी घरात काढली नव्हती. गावाला कळली तेव्हाच त्यांनाही कळली. तेव्हा घेतलेली धास्ती पोळा झाला, गणपती बसले, तरी गेली नाही.

वासुदेवराव पत्र्याच्या बादल्या करत. आधी पुलगावच्या स्टेशनरोडवर टपरी टाकून फुटके डबे झाळून देत. मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला, पाण्याचे टँकर आले, आणि टँकरपुढे उभं राहायला घरटी बादली लागली. त्या दुष्काळानं भल्याभल्यांना बसवलं, साटोण्यांना मात्र उठवलं. नाचणगावच्या वाटेवर शेड झाली, माणसं लागली. बादलीच्या बुडावर 'साटोणे, पुलगाव' असा ठसा उठू लागला. तेवढ्या नावावर वासुदेवराव नगरपालिकेत मेंबर झाले. आता अध्यक्षपदाला निशाणीही बादलीच मागायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

साटोण्यांच्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहत. ज्येष्ठा, कनिष्ठा, त्यांची दोन लेकरं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, वडे, कढी, सोळा भाज्या आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. तो प्रसाद उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, ही या घरची पिढ्यांची रीत. ज्याला खायचं त्यानं घरात बसून खावं. उरलंसुरलं, उष्ट्या पत्रावळीसुद्धा, अंगणातच खड्डा करून पुरायचं. कोकिळा, म्हणजे वासुदेवरावांची बहीण, लग्नानंतर पहिल्या वर्षी आजारी पडून सासरीच राहिली, तेव्हा तिच्यासाठीसुद्धा आईनं वडा बाहेर जाऊ दिला नव्हता. पोरगी रडली असेल, पण रीत ती रीत.

त्या साली वासुदेवरावांनी ती रीत मोडली.

"वस्ती आपल्या घरी मावत नाई," ते म्हणाले, "म्हून देवीच वस्तीत जाईल."

"वा भाऊ! हे भाषनात घ्या," हरिदास म्हणाला. गिरणीसमोर याचा पानठेला. निवडणुकीचं वारं सुटल्यापासून ठेला मेहुण्यावर टाकून हा दिवसभर वासुदेवरावांच्या मागे असे.

ठरलं असं, की गिरणीमागच्या वस्तीत घरोघरी एकेक नवी कोरी बादली जाईल, आणि बादलीत आंबील. प्रसादही पोचला, निशाणीही पोचली.

सासूबाई रुख्माबाई नाही म्हणाल्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. मग विमलाबाईंनी नवऱ्याला माजघराच्या दाराशी गाठलं.

"अहो, आंबील आंबट राहते. जस्तात कळकंल ना, बाधंल कोनाले."

"कळकाले ते पितळ आहे काय? जस्त चढवलेला पत्रा आहे तो. लोकं रोज पानी पेतात त्याच्यातून."

"पानी अन् ताक एकच झालं काय?"

"विमल," वासुदेवराव हसले, "तू मले बादली शिकवून राह्यली?"

ते हसणं बाहेर बसलेल्या माणसांना ऐकू गेलं. तेही हसले. विमलाबाईंनी मग पळा हातात घेतला आणि स्वतःच बादल्या भरून दिल्या. दुपारी भरलेल्या बादल्या, हारतुरे, घोषणा, भाषणं करत करत दिवेलागणीला वस्तीत पोचल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवीपुढची रांगोळी पुसटली होती. दुपारनंतर विसर्जन. विमलाबाई देवीच्या दोऱ्यांना हळद लावत बसल्या होत्या. तेवढ्यात हरिदास आला. एरवी हा माणूस ओसरीवर पाय ठेवायच्या आधी चहा मागायचा. आज मागितला नाही. विमलाबाईंनी ते पाहिलं आणि हातातली हळद परातीत ठेवली.

"भाऊ, जरा इकडे येता?"

"बोल ना. घरचेच आहेत सगळे."

"वस्तीत रातपासून लोकं ओकून राह्यले. लेकरं, बुढे, बाया. कोनी म्हनते हैजा, कालरा आला. अन् तुमच्यासमोर उभा राह्यला त्या बोबड्या वकिलाचे पोट्टे सायकलवर फिरून सांगून राह्यले, साटोन्यानं मतासाठी इख चारलं."

वासुदेवराव मोदकाएवढा झालेला सुपारीचा तोबरा तोंडात तसाच धरून बसले. सदाशिवराव भिंतीला टेकला. हा कारखाना सांभाळणारा माणूस, पत्रा कापता कापता भावाच्या सावलीत वाढलेला. भाऊ बोलेपर्यंत हा कधी बोलत नसे.

"आंबील," विमलाबाई म्हणाल्या.

"आंबीलच काऊन?" वासुदेवराव उसळले. "गाव आहे. दहा ठिकानी खाल्लं असंल लोकाईनं."

"घरात आपन सगळ्याईनं तेच खाल्लं. त्याच चुलीवरचं. आपल्याले काई झालं? आपलं पितळेच्या पातेल्यातून वाढलं, कल्हई गनपतीच्या आधीच केलती. त्याईचं बादलीत राह्यलं. फरक बादलीचाच आहे ना?"

 बाहेर कोणाची तरी सायकल गेली, घंटी वाजवत, आणि हरिदासनं मान वळवून पाहिलं.

"वैनी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता बोलल्या तं बोलल्या. पन बाहेर हे बोलू नका. बादलीचं नाव निघालं तं निशानी गेली. मंग उभंच काऊन राहाचं?"

"निशानीचं सोड," सदाशिवराव पहिल्यांदा बोलला. "माल वर्ध्याले जाते, हिंगनघाटले जाते, आर्वीले जाते. साटोन्याच्या बादलीनं मानसं ओकली म्हनलं तं उद्या शेडले कुलूप. तिथी तीस घरं खाऊन राह्यली, दादा."

"बरोबर," वासुदेवराव म्हणाले. त्यांनी सुपारी थुंकली, पाणी मागितलं, प्यायले. मग एखादा ठराव मांडावा तसे म्हणाले, "भांड्याचं सांगू. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालीती, बायांच्या ध्यानात नाई राह्यलं. घरच्या कामात होते चूक. लोकं समजून घेतात."

त्या घरात आंबील शोभाबाई करत. लग्न होऊन आल्यापासून ते काम त्यांचं. त्या स्वयंपाकघराच्या दारात कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. मुलाच्या डोक्यावर जावळानंतर आलेले केस अजून बोटभरही नव्हते.

"म्हंजे मी केलं?" त्या म्हणाल्या.

"तुह्यं नाव कोन घेते, शोभा," वासुदेवराव म्हणाले. "बाया म्हनलं नुसतं."

"आंबील कोन करते, हे वस्तीले माहीत नाई?" शोभाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अवो तुमी तं बोला."

सदाशिवराव खाली फरशीकडे पाहत राहिला. "दोन दिवस बोलतील लोकं," तो म्हणाला. "मंग भुलून जातील."

"तुमी भुलसान. मी नाई भुलनार."

या दोघी जावांचं एकमेकींशी फारसं पटत नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. चूल वेगळी करायची बोलणी दोनदा निघून थांबली होती. एकदा हळदीकुंकवाच्या ताटावरून, एकदा मोठीनं धाकटीच्या माहेराबद्दल काही म्हटल्यावरून. पण त्या क्षणी विमलाबाईंच्या डोळ्यापुढे त्यातलं काहीही आलं नाही. ही बाई उद्या नळावर गेली तर नळावरच्या बाया बाजूला होतील, एवढंच त्यांना दिसलं.

तेवढ्यात रुख्माबाई बोलल्या. त्या देवीपुढे पाटावर बसून होत्या, डोळे मिटून. झोपल्या असंच सगळ्यांना वाटलं होतं.

"भांडं नाई अन् बादली नाई. कोप आहे हा. परसाद उंबऱ्याबाहेर गेला. मी सांगतलं होतं."

हरिदासचा चेहरा उजळला. "भाऊ, हे बेस आहे! कोपात कोनाचाच दोष नाई."

वासुदेवरावांनाही ते पटलं. ते उठून फेऱ्या मारू लागले. "अस्सं. आत्ता वस्तीत जातो. नारळ फोडतो, चौकात साऱ्यांच्या देखत देवीची माफी मागतो. म्हनतो, मायबापहो, तुमच्या पिरमापायी रीत मोडली मी, शिक्षा मले दे माय, माह्या लोकाईले देऊ नको." बोलता बोलता त्यांच्या गळ्यात सभेचा आवाज आला. डोळ्यांत पाणीही आलं. ते खोटं होतं असं म्हणता येणार नाही. या माणसाला रडू खरंच येत असे, फक्त योग्य वेळी येत असे.

"अन् उरलेली आंबील?" विमलाबाईंनी विचारलं.

"काय?"

"बादल्या भरून दिल्या मी. सगळ्याईची एका रात्रीत संपली असंल? घरात अजून ठेवून असतील लोकं. परसाद आहे, कोनी फेकत नाई. तुमी जाऊन सांगा का देवीचा कोप झाला, का ते भिऊन उरलेलंही संपवतील. देवीले नाराज नको कराले म्हून लेकराईच्या तोंडात घालतील."

हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. फेऱ्या मारणारे वासुदेवराव जागच्या जागी थांबले.

"हरिदास जाईल. सांगंल खाऊ नका म्हून."

"काऊन खाऊ नका, असं इचारलं तं काय सांगंल?"

हरिदासनं भाऊकडे पाहिलं. भाऊनं हरिदासकडे पाहिलं.

"मी जातो," विमलाबाई उठल्या. "बादलीनं झालं म्हून सांगतो. ओतून देतो."

"विमल, तू बाहेर पाय टाकाचा नाई." या वेळी त्या आवाजात सभा नव्हती, हसणंही नव्हतं. "माह्या जन्माची कमाई आहे ती. टपरीतून वर आलो मी. एका दिसात मातीत घालू नको."

 लग्न झाल्यापासून नवऱ्याचा शब्द विमलाबाईंनी मोडला नव्हता; मोडायचा कसा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. पुढे पाऊल पडेना, मागेही पडेना.

शोभाबाईंनी कडेवरचं मूल नवऱ्याच्या हातात दिलं. "धरा. मी येतो बाईसंगं. इख चारलं म्हून नाव होनार तं वतून देल्लं म्हूनही होऊ द्या."

"अन् आज विसर्जन आहे," वासुदेवराव आईकडे वळले. "माय, तू तं सांग याईले. देवी घरात उभी असता घरच्या सवाष्णी बाहेर जातात काय?"

रुख्माबाईंनी देवीकडे पाहिलं. देवीच्या मुखवट्यावरची नथ वाऱ्यानं हलत होती.

"कोप मीच म्हनलं," त्या म्हणाल्या. "अजूनही म्हनतो. पन वासुदेव, कोप झाला तं कोपाचं पाप फेडा लागते, त्याच्याआड लपा लागत नाई. देवीले तुह्या इलेक्शनची साक्षीदार नको बनवू." मग सुनांकडे न पाहताच म्हणाल्या, "जा वं. मी बसतो देवीपाशी."

वस्ती फार लांब नव्हती, पण त्या दिवशी ती वाट सरेना. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी दारूगोळ्याच्या डेपोकडे रांगत चालली होती, डब्यामागून डबा, संपतच नव्हती. शोभाबाई पदरानं तोंड पुसत होत्या आणि विमलाबाई गाडीच्या चाकांखालून पलीकडचे पाय दिसतात का ते पाहत होत्या.

पहिल्याच घरात एक पोरगी बादलीपाशी पेला घेऊन बसली होती. विमलाबाईंनी तो हातातून ओढला. पोरगी किंचाळली. आतून तिची आई शकुबाई धावत आली.

"आंबील खाऊ नको वं. बादलीनं खराब झाली. आमच्या बादलीनं."

"तुमच्याच?" शकुबाई पाहत राहिली. "अवं बाई, सकाळपासून तुमचे प्रचारवाले सांगून राह्यले, बादलीचं नाव काढाल तं खबरदार. अन् तुमी काढून राह्यल्या?"

"मीच भरली ती."

शकुबाईनं बादली उचलून नालीत उपडी केली. मग रिकामी बादली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "पानी भराले तं चालंल ना? का ही बी वापस नेता?"

शोभाबाईंना तेवढ्यात हसू आलं. लगेच त्या तोंडावर पदर घेऊन रडू लागल्या.

घरामागून घर झालं. कोणी ओतून दिलं, कोणी ओतू दिलं नाही. एका म्हातारीनं बादलीला मिठी मारली, प्रसाद नालीत टाकशील तर तुला पाप लागेल म्हणाली. विमलाबाईंनी अंगणात खड्डा काढायला लावला आणि आंबील मातीत पुरली, तेव्हा म्हातारीनं बादली सोडली. एका बाप्यानं दारातूनच शिव्या घातल्या. एका पोरानं ओरडून विचारलं, "बादलीले मत देऊ का, काकू?" त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण बाकीचे हसले. जी माणसं आजारी होती त्यांना दवाखान्यात न्यायला सांगून दोघी पुढे सरकत होत्या. बहुतेकांचं ओकणं थांबत आलं होतं. 

नत्थूजीचं घर वस्तीच्या टोकाला होतं. स्टेशनरोडच्या टपरीत वासुदेवरावांसोबत पहिली बादली यानं ठोकली. आता वय झालं होतं तरी प्रत्येक बादलीचं बूड हाच दुमडायचा. दुसऱ्या कोणाच्या हातचं बूड त्याला चालत नसे. घरात बायको नाही, एक लेक नालवाडीला दिलेली. दारापुढे माणसं जमली होती, आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

"काय झालं?"

"सकाळी लोकं बादलीले नाव ठेवाले लागले," एक जण म्हणाला. "म्हातारा चिडला. म्हने, माह्या हातची बादली आहे, तिच्यात खोट निघूच शकत नाई. त्यानं स्वतःची बादली आनली अन् चौकात, साऱ्यांच्या समोर, उरलेली आंबील तोंडाले लावून पेला. दुसऱ्या घरचीही मांगून घेतली. म्हने, पाहा, काई होते काय मले?"

विमलाबाई आत शिरल्या. नत्थूजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठ निळसर झाले होते, अंगावरचं धोतर भिजलेलं. खाटेखालची ओकारी राख टाकून झाकलेली होती, कोणाला दिसू नये म्हणून.

"नत्थूजी, दवाखान्यात चला."

त्यानं ओळखलं. पदर सावरावा तसं त्यानं धोतर सावरलं. "मालकीनबाई? तुमी कायले आल्या अठी? काई नाई झालं मले. जरा ऊन लागलं."

"बादलीनं झालं, नत्थूजी. मी सांगतलं साऱ्या वस्तीले."

"असं नोका सांगू." म्हातारा उठायला धडपडला. "इलेक्शन आहे भाऊचं. मी दवाखान्यात गेलो का बादलीचं नाव होते. काई नाई झालं मले."

शोभाबाई बाहेर धावल्या. रस्त्यावर सदाशिवराव मिळाला. मूल आईजवळ देऊन तो मागोमाग निघाला होता, पण वस्तीत शिरायची हिंमत होत नव्हती म्हणून कोपऱ्यावर, प्रचाराच्या भोंग्याच्या जीपशेजारी उभा होता. बायकोचा चेहरा पाहून त्यानं काही विचारलं नाही. जीप दारापर्यंत आणली आणि नत्थूजीला एकट्यानं उचलून आत ठेवलं. वाटेत म्हातारा दोनदा म्हणाला, "भोंगा बंद करा गा. लोकं पाह्यतात." भोंगा बंदच होता.

सरकारी दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार गेलं, वय फार आहे, पाहू. वासुदेवराव आले तेव्हा दवाखान्याच्या पडवीत वस्तीतली निम्मी माणसं बसली होती. ते कोणाशी न बोलता आत गेले आणि खाटेपाशी बसले. विमलाबाई पायथ्याशी उभ्या होत्या. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं नाही.

"भाऊ," नत्थूजी डोळे न उघडता म्हणाला, "मी कोनाले काई नाई बोललो."

वासुदेवरावांनी त्याचा हात धरला. पत्र्यानं घट्टे पडलेली बोटं होती, नखांत काळं.   हात धरून ते नुसते बसून राहिले.  मग नर्स आली, तिनं नाडी पाहिली, चादर नत्थूजीच्या तोंडावर ओढली आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

बाहेर आल्यावर माणसं उठून उभी राहिली. हरिदास पुढे झाला आणि बाहीला धरून कानाशी म्हणाला, "भाऊ, हार्ट म्हना. म्हातारा होता, कोनी इचारनार नाई."

"कशानं गेले, भाऊ?" गर्दीतून शकुबाईनं विचारलं.

वासुदेवरावांनी हरिदासचा हात बाहीवरून काढला. विमलाबाई दाराशी उभ्या होत्या.  नवरा काय बोलेल, हे या क्षणापर्यंत, इतक्या वर्षांच्या संसारानंतरही, त्यांना सांगता आलं नसतं.

"माह्या बादलीनं," वासुदेवराव म्हणाले.

नत्थूजी १९७४ च्या भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दिवशी दुपारी, पुलगावच्या सरकारी दवाखान्यात वारले. वस्तीतलं दुसरं कोणी दगावलं नाही.